एकसष्टावं पान

पुस्तक आलं तेव्हा थोरलीने ते उघडण्याआधी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं. काटा एक किलो नऊशेवर थांबला.

"दोन किलोसुद्धा नाही," ती म्हणाली. "आणि गवगवा केवढा!"

तिचा नवरा भाजी निवडत बसला होता. जन्मभर धरणांची आणि रस्त्यांची मोजणी केलेला माणूस. निवृत्त झाल्यापासून घरातली सगळीच कामं तो सावकाश करी. त्याने चष्मा कपाळावर सरकवला. "धाकटीचं ना? वाटलंच. दुसऱ्या कुणाचं पुस्तक तू काट्यावर ठेवलं नसतंस."

"परीक्षण लिहायला पाठवलंय. संपादकांना म्हणे माझ्याइतका अधिकारी माणूस दुसरा मिळाला नाही."

"मग लिही की चांगलं."

"लिहिते ना, अहो. चांगलंच लिहिते," थोरली म्हणाली, आणि त्या "चांगलंच"वर तिने जो जोर दिला तो ऐकून नवऱ्याने पुन्हा भाजीत डोकं घातलं.

थोरली आणि धाकटी या बहिणी नव्हत्या. चौतीस वर्षांपूर्वी मध्ययुगीन इंग्रजी काव्याचे एक प्राध्यापक होते, त्यांच्या हाताखाली दोघी संशोधनाला लागल्या. ही दोन वर्षं आधी, ती नंतर. सहाशे वर्षांपूर्वी कुठल्या मठात कोणता नकलाकार डावखुरा होता हे सरांना तोंडपाठ असे, पण समोर बसलेल्या विद्यार्थिनीचं नाव काही केल्या आठवत नसे. म्हणून त्यांनी एकीला थोरली केलं, दुसरीला धाकटी. सर गेले तरी नावं राहिली. धाकटी अजून तिला "ताई" म्हणे, आणि दर वेळी ते ऐकलं की थोरलीला आपण दोन वर्षांनी मोठ्या आहोत आणि बाकी सगळ्यात मागे आहोत, या दोन्ही गोष्टी एकदम आठवत.

कारण मागे ती होतीच. परदेशातल्या परिषदेला सरांनी नेलं ते धाकटीला. शिष्यवृत्ती मिळाली ती धाकटीला. विभागाचं अध्यासन रिकामं झालं तेव्हा मुलाखतीला दोघी एकाच बाकावर बसल्या होत्या. ऐन वेळी धाकटीचा केसांचा चाप तुटला. थोरलीने आपल्या डोक्यातला काढून दिला आणि स्वतः मोकळ्या केसांनी आत गेली. धाकटीने तो चाप दुसऱ्या दिवशी परत केला. अध्यासन मात्र तिच्याकडेच राहिलं.

थोरलीजवळ तिचं म्हणावं असं एकच होतं. तिचं पुस्तक, 'गप्प राहिलेली'.

दोघींचं सगळं आयुष्य एकाच काव्यात गेलं होतं. त्याला नाव नाही, कवीचा पत्ता नाही, जगात त्याची हस्तलिखित प्रत एकच. शहाण्णव पानं, सव्वाचार हजार ओळी. मेणबत्त्या करणाऱ्या एका माणसाच्या दोन मुलींची गोष्ट आहे. धाकटीचा आवाज गोड, म्हणून तिला किल्ल्यावर गायला नेतात. ती तिथलीच होऊन जाते, तिला मान मिळतो, माणसं मिळतात. थोरली घरी मेण ओतत राहते. एकदा धाकटी तिला किल्ल्यावर जेवायला बोलावते. ती जाते, जेवणाच्या लांबलचक मेजाच्या टोकाला बसते आणि परत येते. सव्वाचार हजार ओळींत ती तोंडातून एक शब्द काढत नाही.

या न काढलेल्या शब्दावर थोरलीने तीनशे पानं लिहिली होती. तिचं म्हणणं असं, की हे मौन म्हणजे लाचारी नाही. ही बहीण हेव्याच्या पलीकडे गेलेली आहे. जिच्या मनात काही सलत नाही, तिला बोलायची गरजच काय? पुस्तक गाजलं. निदान हे काव्य वाचणाऱ्या मोजक्या लोकांत तरी गाजलं. तीस वर्षं मुलं परीक्षेत त्यावरच्या प्रश्नाची उत्तरं लिहीत होती. आता तिच्या निवृत्तीच्या निमित्ताने त्याची नवी आवृत्ती निघणार होती. छपाईपूर्वीची तपासणीची पानं तिच्या टेबलावर येऊन पडली होती.

आणि नेमकं त्याच महिन्यात धाकटीचं हे एक किलो नऊशे ग्रॅमचं काम आलं. संपूर्ण काव्य, टिपांसह, कोशासह. प्रस्तावनेत एक वाक्य होतं, ते थोरलीने नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. "मूळ हस्तलिखितावरून अक्षर न् अक्षर नव्याने वाचून हा पाठ सिद्ध केला आहे."

"बरं मग?"

"बरं मग काय? आम्ही दोघींनी मिळून जी नक्कल केली होती, ती काय वाईट होती? चौतीस वर्षं सगळे त्याच नकलेवरून वाचताहेत. हिला पुन्हा नव्याने वाचायची हौस!" तिने पानं उलटली. ऋणनिर्देशात सर्वांत पहिलं नाव तिचंच होतं. ते पाहून ती अधिकच भडकली.

"अगं, ताट वाढून अर्धा तास झाला," नवरा म्हणाला. "गार होतंय."

"होऊ दे."

*

तिचा बेत साधा होता. मूळ हस्तलिखित काढायचं, शेजारी धाकटीचं पुस्तक ठेवायचं आणि ओळ न् ओळ ताडून पाहायची. एवढ्या मोठ्या कामात चूक नाही असं होतच नाही. पाच सापडल्या तर परीक्षणात "काही किरकोळ प्रमाद" म्हणता येतं. दहा सापडल्या तर "खेदाने म्हणावं लागतं" अशी सुरुवात करता येते. थोरलीला "खेदाने म्हणावं लागतं" हवं होतं.

हस्तलिखित एका जुन्या ग्रंथालयात होतं. बांधणी इतकी नाजूक की फोटो काढायला कधीच परवानगी मिळाली नव्हती. ज्याला वाचायचं असेल त्याने यावं, हात धुवावेत, पेन बाहेर ठेवून फक्त पेन्सिल आत न्यावी. थोरली चौतीस वर्षांत इथे फिरकली नव्हती. स्वतः तपासलेल्या नकलेवर अविश्वास कशाला दाखवायचा, असं ती लोकांना सांगे. खरं कारण वेगळं होतं. या खोलीत धाकटी सरांच्या उजव्या हाताला बसायची.

ग्रंथपाल बाईंनी स्पंजच्या उतरत्या उशांवर हस्तलिखित ठेवलं. पान मिटू नये म्हणून शिशाचे मणी भरलेली कापडी दोरी त्यावर आडवी टाकली. वासराच्या कातड्याची पानं, एक बाजू गुळगुळीत, दुसरीवर केसांची बारीक भोकं अजून दिसणारी. थोरलीने पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या काढल्या. एक मूळ ओळीखाली, एक छापील ओळीखाली. दोन्ही एकदम सरकवायच्या, नजर इकडून तिकडे. सरांनी शिकवलेली हीच पद्धत.

पहिल्या दिवशी पाच पानं झाली. चूक नाही. दुसऱ्या दिवशी पाच. नाही. आठवडा गेला. धाकटीने पुसट झालेलं अक्षरही बरोबर ओळखलं होतं. नकलाकाराने जिथे खोडून पुन्हा लिहिलं तिथे तशी टीप दिली होती. एका पानावर माशी चिरडल्याचा डाग होता, त्याचीसुद्धा टीप होती. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. शिकवताना हजार गोष्टी विसरणारी, छत्र्या हरवणारी, चाप मोडणारी ही बाई कागदावर एवढी चोख कशी? बारा दिवसांत साठ पानं झाली आणि थोरलीच्या वहीत चुकांच्या रकान्यात एकही नोंद नव्हती. परीक्षणात स्तुती करावी लागणार, या विचाराने तिला जेवण जाईना.

त्यानंतरच्या सोमवारी तिने एकसष्टावं पान उघडलं. किल्ल्यावरच्या जेवणाचा प्रसंग. पट्ट्या सरकू लागल्या. आणि एका ठिकाणी डावा हात पुढे गेला, उजवा जागच्या जागी राहिला.

तिने पुन्हा पाहिलं. मूळ पानावर दोन ओळी होत्या, छापील पुस्तकात त्या नव्हत्या.

कशा गळल्या ते तिला लगेच कळलं. नक्कल करणाऱ्यांची ही सहाशे वर्षांपासूनची खोड आहे. जवळजवळच्या दोन ओळी एकाच शब्दावर संपत असल्या की एक ओळ लिहून मान वर करेपर्यंत नजर चुकीच्या ओळीवर बसते आणि मधलं सगळं गायब होतं. सर त्याला "नजर घसरली" म्हणत. पण मुख्य गोष्ट वेगळीच होती. याच दोन ओळी चौतीस वर्षांपूर्वीच्या जुन्या नकलेतही नव्हत्या! असत्या तर त्या थोरलीला पाठ असत्या. दोन प्रतींत एकच चूक असली तर एक दुसरीवरून उतरवलेली असते, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. म्हणजे धाकटीने अक्षर न् अक्षर वगैरे काही नव्याने वाचलं नव्हतं. जुन्या नकलेवरून उतरवून वर प्रस्तावनेत थाप मारली होती.

"सापडलीस!" थोरली मोठ्याने म्हणाली.

ग्रंथपाल बाईंनी मान वर केली. "काय सापडलं?"

"पेन्सिल," थोरली म्हणाली.

तिच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तिने त्या दोन ओळी वहीत उतरवून घेतल्या, अक्षराला अक्षर लावून, तीनदा ताडून. नक्कल करताना अर्थ लावायचा नाही, ही सरांची सक्त ताकीद असे. अर्थाच्या मागे लागलं की हात आपल्या मनचं लिहितो. त्यामुळे ओळी काय म्हणत होत्या याकडे तिने पाहिलंच नाही. पाहायचं कशाला? त्या तिथे होत्या आणि धाकटीच्या पुस्तकात नव्हत्या, एवढं पुरे होतं.

जिना उतरताना मात्र ओळीचे पहिले तीन शब्द तिच्या डोक्यात आपोआप उलगडले. "थोरली बहीण म्हणाली."

ती जिन्यावरच थांबली. मागून येणाऱ्या माणसाने "बरं वाटत नाही का?" असं विचारलं. तिने मान हलवली आणि त्याला पुढे जायला वाट दिली.

म्हणाली? सव्वाचार हजार ओळींत एक शब्द न बोलणारी ती बहीण म्हणाली?

*

घरी आल्यावर तिने माळ्यावरची पेटी नवऱ्याकडून काढून घेतली. जुन्या नकलेच्या वह्या तिच्यात होत्या. सरांचा नियम असा, की पहिल्या अठ्ठेचाळीस पानांची नक्कल थोरलीने करायची, उरलेल्यांची धाकटीने. मग अदलाबदल. एकीने केलेली नक्कल दुसरीने एकटीने, मुळाशी ताडून तपासायची आणि प्रत्येक पानाखाली लाल पेन्सिलीने खूण करायची. खूण झाली की ते पान पक्कं. त्यावर पुन्हा शंका घ्यायची नाही.

एकसष्टाव्या पानाची नक्कल धाकटीच्या अक्षरात होती. दोन ओळी गळलेल्या. "तिचीच चूक!" थोरली पुटपुटली. आणि खाली लाल खूण होती, ती थोरलीची.

तिला ती दुपार आठवली. सरांनी खोलीत येऊन चष्मा पुसत सांगितलं होतं, "परिषदेला मी धाकटीला नेतोय. थोरली, तू इथलं काम सांभाळ." धाकटी आनंदाने लाल झाली होती. थोरली हसली होती, अभिनंदन केलं होतं, आणि ती दोघं निघून गेल्यावर समोरच्या पाच पानांवर एकामागून एक खुणा मारून, मूळ हस्तलिखित न उघडताच घरी निघून गेली होती. तिची नक्कल मी का तपासू, असं तिला वाटलं होतं. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. काही वर्षांनी स्वतःलाही सांगायचं सोडून दिलं होतं.

ती खुर्चीत बसून राहिली. हिशेब सोपा होता. दोन ओळी उजेडात आल्या की धाकटीची थाप उघडी पडणार. पण त्याच दोन ओळींनी 'गप्प राहिलेली'सुद्धा उभीच्या उभी कोसळणार. तीनशे पानं, तीस वर्षं, टेबलावरची नवी आवृत्ती, सगळं. तोंड उघडलं तर दोघी बुडणार होत्या. मूग गिळून गप्प बसलं तर दोघी तरणार होत्या. धाकटी तरावी हे काही तिला सोसण्यासारखं नव्हतं.

"सापडली का चूक?" नवऱ्याने पेटी बंद करत विचारलं.

"सापडली."

"मग तोंड असं का?"

"तुम्हाला नाही कळायचं."

"नाही कळायचं," तो शांतपणे म्हणाला. "मी नुसत्या धरणांच्या भिंती मोजल्या."

एक पळवाट तिला सकाळी सुचली. त्या ओळी नंतरच्या कुणीतरी घुसडल्या असतील तर? रिकाम्या जागी आपलं शहाणपण लिहिणारे वाचक तेव्हाही होतेच. शाई वेगळी निघाली तर पुस्तक वाचलं. पण मग धाकटीने त्या गाळल्या तेही बरोबरच ठरलं असतं. मेली दोन्हीकडून सुटत होती!

ग्रंथालयात शाई तपासायचा एक खास दिवा होता. तो वापरायचा तर वेगळ्या नोंदवहीत तारीख, पान आणि सही करावी लागे. थोरलीने ओळींवर दिवा धरला. शाई तीच, अक्षराची वळणं तीच, लेखणीचं टोक तेच. कुणी काही घुसडलेलं नव्हतं. ती सही करायला वळली. वहीत वरच्या नोंदी पाहायचं तिच्या मनात नव्हतं, पण आयुष्यभर दुसऱ्यांची अक्षरं वाचण्याची सवय, डोळे गेलेच.

पान एकसष्ट. पान एकसष्ट. पान एकसष्ट. एका महिन्यात नऊ वेळा. नऊही ठिकाणी धाकटीची ती गोल, लहान मुलीसारखी सही.

"त्या बाई तीन वर्षं रोज यायच्या," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "सगळं हस्तलिखित वाचलं त्यांनी. या पानावर तर मुक्कामच ठोकला होता. एकदा मी विचारलं, काय आहे हो इथे? तर म्हणाल्या, माझी ताई आहे."

*

धाकटीची विभागातली खोली म्हणजे अध्यासनाची खोली. मोठी खिडकी, सरांची जुनी खुर्ची, आणि सगळीकडे इतकी पुस्तकं की बसायचं तर आधी कुठलं तरी उचलावं लागे. थोरली या खोलीत यायचं टाळत असे. आज ती न विचारता आत शिरली आणि उभ्यानेच म्हणाली, "एकसष्टावं पान."

धाकटी संत्रं सोलत होती. तिने ते तसंच टेबलावर ठेवलं. "तू जाऊन आलीस तर. मला वाटलंच होतं. परीक्षण तुझ्याकडे गेलं कळलं, तेव्हाच म्हटलं, ताई जाणार."

"नऊ वेळा पाहिलंस."

"दहा. एकदा सही करायची विसरले."

"म्हणजे तुला त्या ओळी दिसल्या. दिसल्या आणि तू गाळल्यास. मुद्दाम!"

"हो."

"आणि वर अक्षर न् अक्षर म्हणून छापलंस?"

"लबाडी केली मी, ताई," धाकटी म्हणाली. तिचे हात संत्र्याच्या रसाने चिकट झाले होते, ते ती नुसतीच एकमेकांवर घासत होती. "दोन ओळी घातल्या की तुझं पुस्तक जातं. मुलं अजून ते वाचतात. मी स्वतः वर्गात शिकवते. आणि अगदी खरं सांगायचं तर माझ्या प्रस्तावनेतली तेवीस पानं तुझ्याच म्हणण्यावर उभी आहेत. ती पाडून पुन्हा लिहायचा मला धीर झाला नाही."

"माझी कीव केलीस तू." थोरलीचा आवाज चढला. "अध्यासन तुझं, परिषदा तुझ्या, सर तुझे. आणि आता मला पुस्तकही तुझ्याकडून दान घ्यायचं?"

"तसं नाही गं."

"तसंच आहे! मी महिनाभर तुझ्या चुका शोधत हिंडले. एक सापडली. तीही तू माझ्यासाठी केलेली!"

बाहेर कुणीतरी दार ठोठावलं. धाकटी ओरडली, "नंतर या!" मग तिने खुर्चीवरची पुस्तकं उचलून खाली ठेवली आणि म्हणाली, "बस आधी. चूक मुळात माझी. नक्कल मीच केली होती. माझी नजर घसरली."

ही संधी होती. नक्कल धाकटीची, चूक धाकटीची. थोरलीने नुसती मान डोलावली असती तरी चाललं असतं. ती बसली. टेबलावरच्या संत्र्याकडे बघत तिने सांगून टाकलं. "मी ते पान तपासलंच नव्हतं. नुसती खूण मारली. सरांनी तुला न्यायचं ठरवलं, त्या दुपारी."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"पाच पानांवरच्या पाच खुणा एका दमात मारल्यात. पेन्सिलीचं टोक पहिल्या खुणेत मोडलंय आणि पुढच्या चारही तशाच मोडक्या टोकाने काढल्यात. कागद फाटेपर्यंत दाबून." धाकटी किंचित हसली. "ताई, सहाशे वर्षांपूर्वीच्या माणसाला कुठे कंटाळा आला ते आपण अक्षरावरून सांगतो. तुझा राग मला ओळखू येणार नाही? परिषदेहून आल्याबरोबर दिसला मला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तू माझं अभिनंदन केलं होतंस."

चौतीस वर्षं जी गोष्ट थोरलीने स्वतःपासूनही दडवली, ती समोरच्या बाईने पहिल्याच आठवड्यात वाचली होती, आणि तरी दर सणासुदीला, दर वाढदिवसाला न चुकता ताई म्हणून फोन केला होता. आपल्याला हिचा जेवढा राग यायला हवा तेवढा आता येत नाही, याचाच तिला राग आला. शहाणपणात पुढे होतीच, चांगुलपणातही हीच पुढे. एक जागा म्हणून मोकळी ठेवायची नाही कार्टीने!

"ते जाऊ दे," धाकटी म्हणाली. "ओळी कशा वाटल्या तुला?"

"कशा म्हणजे?"

"म्हणजे कविता म्हणून. मी तर वेडी झाले होते. उगाच नाही दहा वेळा गेले."

थोरलीने मांडीवरची पर्स जवळ ओढली. ज्या काव्यात जन्म घालवला त्याच्या दोन हरवलेल्या ओळी तिला सापडल्या होत्या. पर्समधल्या वहीत त्या तीन दिवस पडून होत्या. तिने त्या वाचल्याच नव्हत्या. पहिल्या तीन शब्दांपुढे जायची आधी गरज वाटली नव्हती आणि नंतर भीती वाटली होती.

धाकटीला ते कळलं. तिने खिडकीकडे तोंड केलं आणि सर म्हणत तशा, जुन्या उच्चारांत, हळू आवाजात दोन्ही ओळी म्हटल्या. थोरलीने डोळे मिटून ऐकल्या. मग शब्दाला शब्द लावत ती स्वतःशीच पुटपुटली, वर्गात मुलांना सांगावं तशी.

"थोरली बहीण म्हणाली: बघत राहिले मी तुझ्या ताटाकडे, आणि माझं निवून गेलं, घास न घेता."

खाली आवारात तास संपल्याची घंटा झाली.

"खरं कारण हेही होतं," धाकटी म्हणाली. "छापल्या असत्या तर तुला वाटलं असतं, मी तुलाच म्हणतेय."

"वाटलं असतं," थोरली म्हणाली. तिने डोळे पुसले. "म्हणजे ती हेव्याच्या पलीकडे वगैरे काही गेली नव्हती. तीनशे पानं! काय काय लिहिलं मी!"

"छान लिहिलंस पण."

"गप्प बस. कागद दे."

धाकटीने कागद दिला. थोरलीने वर लिहिलं, 'शुद्धिपत्र'. खाली लिहिलं, की पान एकसष्टवर दोन ओळी गळल्या आहेत त्या अशा वाचाव्यात, आणि ओळी उतरवल्या. या वेळी अर्थासकट. मग नावाची जागा आली. शोध कुणाचा, ते लिहायचं होतं.

"तुझं नाव घाल," धाकटी म्हणाली. "खरंच घाल. माझं काही म्हणणं नाही."

थोरलीला ते नाव हवं होतं. अगदी जिवापासून हवं होतं. पेनचं टोक कागदावर टेकलेलं होतं. तिने लिहिलं, "या ओळी संपादिकेने वाचल्या होत्या, माझ्या पुस्तकाखातर त्या मागे ठेवल्या. जुन्या नकलेत या पानावर तपासल्याची जी खूण आहे, ती माझी आहे. मी ती न तपासता केली होती." आणि खाली सही केली. संपादकांना परीक्षण लिहिता येणार नाही असं कळवायचं, तपासणीची पानं परत पाठवायची आणि 'गप्प राहिलेली'चं शेवटचं प्रकरण नव्याने लिहायचं, अशा तीन गोष्टी तिने हाताच्या बोटांवर मोजल्या.

"मागे ठेवल्याचं लिहिलंस तर माझी छी थू होईल," धाकटी कागद वाचून म्हणाली.

"होईल."

"बरं," धाकटी म्हणाली, आणि तिने अर्धं संत्रं तिच्यापुढे सरकवलं.

*

दीड वाजता ती घरी आली. नवऱ्याने दोन ताटं मांडली होती.

"मग? चूक कुणाची निघाली शेवटी?" त्याने विचारलं.

"माझी."

"आणि तिची?"

थोरलीने पर्स खुंटीला अडकवली, हात धुतले. "तिची एकच. तीही माझ्यापायी," ती म्हणाली. "काय करावं हो या बाईला!"

ती खाली बसली. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, आणि तिचं तोंडही उघडलं होतं. मग तिने ताटाकडे पाहिलं. वाफ येत होती. तिने आधी घास घेतला.